आठ पावलं लांब, सहा पावलं रुंद

थोरलीवाडी, ता. वाळवा
१० फेब्रुवारी १९७४

चि. सौ. विजयमाला हीस तिच्या वडिलांचे, म्हणजे हंबीरराव सुभेदार (निवृत्त) यांचे आशीर्वाद.

इकडे ठीक आहे. ऊस तुटून कारखान्याला गेला. तुझ्या आईचे गुडघे दुखतात. माझे उत्तम आहेत.

पत्र लिहिण्याचे कारण असे. पडवीच्या कडेची खोली रंगवून घेण्याचे ठरवले आहे. जूनपासून ती कारखान्याच्या एका ओव्हरसियरला राहायला द्यायची आहे. सज्जन मनुष्य आहे. रंग किती लागेल म्हणून इस्लामपूरच्या दुकानदाराला विचारले, तर तो म्हणतो, "सुभेदार, वीस किलो न्या, उरला तर उरला." मी म्हणालो, याला हिशोब म्हणत नाहीत, अफवा म्हणतात. घरची मुलगी शाळेत गणित शिकवत असताना मी अफवेवर रंग का घ्यावा?

खोली मी स्वतः मोजली आहे. लांबी आठ पावले, रुंदी सहा पावले. पाऊल म्हणजे पलटणीचे पाऊल, तीस इंच, हे तुला सांगायला नको. उंची बांबू लावून पाहिली, नऊ फूट. वर फळ्यांचा माळा आहे, त्याला रंग द्यायचा नाही. एक दार, एक खिडकी. डिस्टेंपरची पूड घ्यायची आहे. एका किलोत शंभर चौरस फूट भिंत होते, पण एकच हात. आपल्याला दोन हात द्यायचे आहेत. किती किलो आणू ते कळवणे.

तुझी आई शेजारी बसली आहे. ती म्हणते, "तिला इचारा, दिवाळीला आली न्हाई, संक्रांतीला आली न्हाई, आता कवा येनार?" मी तिला सांगितले की हे रंगाविषयीचे पत्र आहे. तरी तिने लिहायला लावलेच.

हंबीरराव


सातारा
१९ फेब्रुवारी १९७४

ती. आबा,

नमस्कार. तीन वर्षांत तुमची चार पत्रं आली. एक आत्याच्या तेराव्याचं, एक माझी जुनी पुस्तकं रद्दीत घालू का असं विचारणारं, एक नुसतंच "पत्र पोहोचले" असं लिहिलेलं, आणि हे रंगाचं. त्यातल्या त्यात हे बरं आहे.

पडवीच्या कडेची म्हणजे कांद्यांचीच खोली ना? पूर्वी तिला माझी खोली म्हणायचे. पण तीन वर्षांपूर्वी वैशाखात मी मलकापूरचं सासर सोडून, ट्रंक घेऊन दारात उभी राहिले, तेव्हा तुम्ही म्हणालात, "राहायला जागा नाही, तुझ्या खोलीत कांदे भरलेत." आणि मी आल्या एस्टीनं परत फिरले. त्या दिवसापासून मीही तिला कांद्यांची खोलीच म्हणते. आता कांद्यांची कुठे सोय लावलीत? एवढी वर्षं राहिलेले, एकदम बाहेर काढलेत तर त्यांना वाईट वाटेल. दुसरं असं, की मला अजून सौ. लिहिता. लिहा. शाईला काय, ती लिहाल ते उमटवते.

आता हिशोबाचं. दार आणि खिडकी वजा करायला त्यांची मापं लागतील. दार तीन बाय सहा असणार, कारण तुम्ही रजेवर आलात की पहिल्या दिवशी तुमचं कपाळ त्याला आपटायचंच. पण खिडकी कुठली? त्या खोलीला खिडकी नव्हती. मॅट्रिकच्या वर्षी मी भरदुपारी कंदील लावून भूमिती केली आहे. मोजता मोजता तुम्ही दुसऱ्याच कुणाच्या घरात तर गेला नाहीत?

आईला सांगा, परीक्षेचे दिवस आहेत. सवड झाली की बघू.

विजयमाला


थोरलीवाडी
१ मार्च १९७४

चि. सौ. विजयमाला हीस आशीर्वाद.

तुझ्या पत्रातील कांद्यांचा मजकूर वाचला. तुझ्या आईला तेवढा भाग गाळून वाचून दाखवला. तिने नंतर तो आकाराम गवंड्याकडून वाचून घेतला आणि मला दोन दिवस गार भाकरी वाढली.

खिडकी नवीन आहे. कोयनेच्या भूकंपात त्या भिंतीला भेग पडली होती, ठाऊक असेल. तिथेच आकारामकडून भिंत फोडून घेतली. खिडकी चार बाय तीन. बाहेर शेवग्याचे झाड दिसते. ओव्हरसियरला वाचनाची आवड आहे, त्याला उजेड लागतो.

आणखी विचारायचे म्हणजे, ओव्हरसियर डावखुरा आहे. टेबल खिडकीच्या कोणत्या अंगाला ठेवले असता लिहिताना हाताची सावली कागदावर पडणार नाही? तू स्वतः डावखुरी, तुला माहीत असणार. आणि पुस्तकांची फळी किती उंचीवर ठोकावी? मनुष्य उंचीला बेताचाच आहे. तुझ्याएवढा धर. रंग कोणता द्यावा तेही सांग. पिवळा त्याला चालत नाही असे समजते.

दार तू लिहिलेस तेवढेच आहे. कपाळ अजून आपटते.

हंबीरराव


सातारा
१४ मार्च १९७४

ती. आबा,

तुमचा ओव्हरसियर नशीबवान आहे. मी सातवीपासून त्या खोलीला खिडकी मागत होते. तुम्ही रजेवर आलात की पहिला अर्ज माझा असायचा. तुम्ही म्हणायचात, "भिंत फोडली की घर हलतं." ओव्हरसियरसाठी फोडलीत, तेव्हा हललं नाही वाटतं!

मला राग आला आहे, आबा, आणि तो मी लपवणार नाही. मी सासर सोडलं, ते काही चैन म्हणून नाही. त्या घरात मला शिकवायला जाऊ देत नव्हते, वह्या चुलीत घालत होते, हे तुम्हाला ठाऊक होतं. मला बी.एस्सी. बी.एड. तुम्हीच केलंत, आणि वाडीत ज्याला त्याला सांगत फिरलात. परक्या माणसाच्या हाताची सावली कागदावर पडू नये म्हणून आज तुम्ही एवढी पत्रं लिहिता. पोटची पोर उन्हात दारात उभी होती, तेव्हा तिला "सावलीत ये" एवढंसुद्धा म्हणाला नाहीत.

असो. डावखुऱ्याला उजेड उजवीकडून यावा. फळी पाच फुटांवर. रंग फिका निळा. ओव्हरसियरसाहेबांची सेवा संपली.

हिशोब असा. आठ पावलं म्हणजे वीस फूट, सहा म्हणजे पंधरा. चारी भिंतींचा घेर सत्तर. उंची नऊ, म्हणून सहाशे तीस. त्यातून दाराचे अठरा आणि खिडकीचे बारा गेले, राहिले सहाशे. दोन हात म्हणजे बाराशे. बारा किलो आणा. खरं सांगायचं तर खोली मला एवढी मोठी आठवत नाही. खाट आणि ट्रंक ठेवली की वळायला जागा उरत नसे. पण तुमच्या पावलावर शंका घ्यायची आपल्या घरात रीत नाही. इस्लामपूरच्या बाजाराला जाताना तुम्ही मला मोजायला लावायचात. मैलाला दोन हजार एकशे बारा, एक कमी नाही की एक जास्त नाही. तुमच्या एका पावलाला माझी दोन पडायची आणि मी धापा टाकत मोजायची. मी गणित त्या रस्त्यावर शिकले, शाळेनं नंतर नुसता शिक्का मारला.

मे महिन्यात मी येणार नाही. जूनपासून माझा पत्ता बदलण्याचा संभव आहे. नक्की झालं तर कळवीन.

विजयमाला


थोरलीवाडी
६ एप्रिल १९७४

चि. सौ. विजयमाला हीस आशीर्वाद.

पत्र पोहोचले. कामाचे तेवढे लिहितो.

बारा किलो आणले. फिका निळाच घेतला. दुकानदार म्हणाला, कमी पडेल. मी म्हणालो, माझ्या मुलीचा हिशोब आहे, पडणार नाही. फळी पाच फुटांवर ठोकली. टेबल इस्लामपुरात एका वकिलाचे मोडीत निघाले होते ते घेतले. एक पाय आखूड होता, खाली चिपा मारला.

पत्ता बदलणार म्हणतेस. कुठे? मी विचारत नाही, तुझी आई विचारते. भाड्याच्या खोल्यांत ढेकूण फार असतात. हे आपले सहज लिहिले.

हंबीरराव


थोरलीवाडी
८ मे १९७४

चि. सौ. विजयमाला हीस आशीर्वाद.

तुझे उत्तर आले नाही. महिना झाला. तक्रार त्याची नाही, दुसरीच आहे.

खोली झाली. चारी भिंतींना दोन हात पुरे बसले. आणि तीन किलो पूड उरली! बारातून तीन. गणित शिकवणाऱ्या बाईने चवथाई चुकावे, मग शिकणाऱ्यांनी काय करावे? दुकानदाराला मी छाती ठोकून सांगितले होते. आता त्या रस्त्याने जाताना मान खाली घालावी लागते.

प्रथम मला आकारामचा संशय आला. त्याने रंगात पाणी जास्त घातले असणार, म्हणून पूड वाचली. तसे मी त्याला चार माणसांत विचारले. तो ब्रश टाकून तुळशीच्या कट्ट्यावर जाऊन बसला, तो संध्याकाळीच उठला. उरलेल्या पुडीने आम्ही तुळशीचा कट्टा रंगवला, कोंबड्यांचे खुराडे रंगवले. तरी थोडी राहिली. तुझी आई म्हणाली, बेंदराला बैलांच्या शिंगांना लावू. मी सांगितले, हा पाण्याचा रंग आहे, पहिल्या सरीला बैल पुन्हा होते तसे होतील. तर तिने पाटा-वरवंट्यामागची भिंत रंगवून घेतली. सध्या आमच्या घरात कोंबडीपासून सुभेदारापर्यंत सगळ्यांची राहणी निळी आहे.

मी खोली पुन्हा मोजली. आठ आणि सहा. माप माझे बरोबर आहे. तेव्हा गुणाकार तुझा चुकला आहे. तपासून कळवणे.

हंबीरराव


थोरलीवाडी
११ मे १९७४

विजाक्कास आकाराम गवंड्याचा रामराम.

तुमच्या आईनं, मनुकाकीनं, बोलवून घेतलं आनि लिव्ह म्हनली म्हनून लिवतोय. सुभेदार मळ्याकडं गेल्यात, ते यायच्या आत संपवायचं हाय. अक्षर वंगाळ आलं तर समजून घ्या.

आधी माझं सांगतो. म्या पानी जास्त घातलं न्हाई. देवाशपथ. वीस वर्सं भिंती रंगवतोय, पर सुभेदारांनी चार मानसांत चोरावानी इचारलं, त्ये लय लागलं बगा. म्हनून काल ते न्हाईत बगून खोलीला टेप लावला. काकीच्या म्होरं दोनदा लावला. लांबी पंधरा फूट, रुंदी सव्वाअकरा फूट. खिडकी-दार तुमी धरल्यात तेवढंच हाय. एवढ्या खोलीला नऊ किलोच लागनार की वो! सुभेदारास्नी ह्ये सांगायची माझी टाप न्हाई. तुमी शिकल्याल्या हाय, तुमीच सांगा चूक कुनाची.

आता काकीचं. ती बोलती तसं लिवतोय.

"विजे, वरसर-बिरसर कोन न्हाई. तुझी बदली इस्लामपूरच्या साळंत झालीया, ह्ये तुझ्या आबास्नी जानेवारीतच कळलंय. तितला किलार्क दादासो हाय की, त्यानं सांगितलं. त्या दिसापास्नं ह्यो मानूस येड्यागत करतोय. दुसऱ्या दिवशी भित फोडली. कांदं काढून सोताच्या खाटंखाली भरल्यात, अंथरुनाला वास मारतोय. म्या म्हनलं, सरळ लिवा की, पोरी ये म्हनून. तर म्हनत्यात, कुठल्या तोंडानं लिवू? रंगाचं इचारतो, रंगातनं निगंल काय तरी. आता तूच बग बाई. तू तितनं येक बोलतीस, ह्ये हितनं दुसरंच बोलत्यात, आनि मी मधल्यामधी बसलीया. मला लिवता आलं असतं तर कवाच मिटलं असतं."

काकी रडाय लागली, म्हनून थांबतो. रंग झ्याक बसलाय, आक्का. उजेड पडला की खोली लय नामी दिसती.

आकाराम


सातारा
२० मे १९७४

ती. आबा,

गुणाकार तपासला. बारा पुन्हा बाराच आले.

मग माप तपासलं. आकारामनं खोलीला टेप लावला. त्याच्यावर ओरडू नका, उलट चार माणसांत त्याची माफी मागा, कारण तुम्ही त्याला चार माणसांतच चोर ठरवलंत. टेपानं लांबी पंधरा फूट भरली. म्हणजे एकशे ऐंशी इंच. तुमची पावलं आठ. एक पाऊल साडेबावीस इंचांचं. मला वाटलं, एका भिंतीवर भरवसा नको, दुसरी बघावी. सव्वाअकरा फूट म्हणजे एकशे पस्तीस इंच, पावलं सहा. उत्तर साडेबावीसच. तुम्ही मोजायला चुकला नाहीत, आबा. दोन्ही भिंतींना अगदी सारखं पाऊल टाकलंत, पलटणीला शोभेल असं. फक्त ते आता तीस इंचांचं राहिलेलं नाही.

ओव्हरसियर कुणी नाही हे वाचून मी आधी हसले. डावखुरा, बुटका, पुस्तकं वाचणारा, पिवळा रंग न आवडणारा! पाचवीतल्या पोरीनंही ओळखला असता. मी रागात होते, म्हणून मला माझंच वर्णन ओळखू आलं नाही. पण वहीच्या मागच्या पानावर साडेबावीस आले, तेव्हा मी पेन्सिल खाली ठेवली आणि रडले. तीन वर्षं मी भांडत होते ते तीस इंचांच्या माणसाशी. तो मला पुरून उरेल असं वाटत होतं. त्याचं पाऊल कधी आखूड झालं ते मला कळलं नाही, कारण मी बघायला आलेच नाही. आईचे गुडघे दुखतात, तुमचे उत्तम, असं तुम्ही लिहिता आणि मी खरं धरते.

मीही लपवलं. बदलीचं डिसेंबरातच कळलं होतं. इस्लामपुरात एक खोली बघून ठेवली आहे. तुमच्यापासून चार मैलांवर राहायचं आणि तुम्हाला पत्ता कळवायचा नाही, असा माझा बेत होता. तो बेत मला फार आवडला होता. रोज थोडा थोडा घोळवत होते.

खिडकी, फळी, टेबल, सगळं मनापासून आवडलं. पण एक गोष्ट मला रंगाखाली झाकून नको आहे. त्या दिवशी मला दारातून का परत पाठवलंत? घरात तीन खोल्या आणि पडवी होती. कांदे एका खोलीत होते. हे तुम्ही स्वतः लिहा, आईकडून नको. मग इस्लामपुरातल्या खोलीचं काय करायचं ते मी ठरवीन. घरमालकीण बाई दहा जूनपर्यंत वाट बघते म्हणाल्या आहेत.

साडेबावीस इंचांनी मैल आता दोन हजार आठशे सोळा पावलांचा झाला. वाडीपासून एस्टीच्या फाट्यापर्यंत दोन मैल, म्हणजे पाच हजार सहाशे बत्तीस. सांभाळून चालत जा.

विजू


थोरलीवाडी
२ जून १९७४

चि. विजूस आशीर्वाद.

तुझा पावलांचा हिशोब मला मान्य नव्हता. म्हणून काल फाट्यापर्यंत मोजत गेलो. मैलाचे दगड सरकारी आहेत, ते खोटे बोलत नाहीत. पाच हजार सहाशे चाळीस झाली. तू बत्तीस म्हणतेस. म्हणजे आठ पावले तूही चुकलीस. ओढ्याजवळ धुळा धनगराच्या मेंढरांना वाट द्यायला बाजूला झालो होतो, त्यात ती आठ गेली असतील. पण चूक ती चूक.

आकारामची माफी मागितली. चार माणसांत मागितली. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या वो सुभेदार." पण ऐकून घेतले पूर्ण, मधे थांबवले नाही.

आता तू विचारलेस ते. चार दिवस कागद पुढे घेऊन बसलो. लिहितो.

त्या दिवशी खोलीत कांदे नव्हते.

खोली रिकामी होती. तुझी खाट होती, आईने धुतलेली चादर होती. समोर पारावर चार म्हातारे बसले होते आणि माना वळवून बघत होते, सुभेदाराची पोर नांदत नाही, आता सुभेदार काय करतो. मला काहीतरी बोलायला हवे होते आणि तोंडातून कांदे निघाले. तू भांडशील, आत शिरशील, खोली उघडून बघशील असे वाटले. तू माझ्या शब्दावर विश्वास ठेवलास आणि ट्रंक उचललीस. माझ्या शब्दावर शंका घ्यायची रीत मीच घरात ठेवली नव्हती. आठ दिवसांनी मी बाजारातून चार पोती कांदे आणून त्या खोलीत भरले. खोटे बोललो होतो, ते खरे करायला हवे होते. दर वर्षी सडले की नवे भरत गेलो. तुझ्या आईने त्यातला एक कांदा आजवर चिरलेला नाही. घरात चार पोती असताना ती आठवड्याच्या बाजारातून अर्धा किलो पदरात बांधून आणते आणि माझ्यासमोर चिरते. डोळे पुसते ते कांद्याने, असे मी तीन वर्षे धरून चाललो.

पलटणीत मी गोळीला पाठ दाखवली नाही असे तुला लहानपणी सांगत असे. ते खरे आहे. पण चार म्हाताऱ्यांना दाखवली. चुकले, विजू. हे लिहायला तीन वर्षे आणि बारा किलो रंग लागला.

त्यातले दोन म्हातारे आता वारले. उरलेले दोघे काल पारावर होते. त्यांना मी जाऊन सांगितले की माझी मुलगी घरी राहायला येते आहे, इस्लामपूरच्या शाळेत गणित शिकवणार आहे. एकाला ऐकू येत नाही. दुसरा म्हणाला, "बरं झालं, माज्या नातवाचं गनित कच्चं हाय." एवढ्यासाठी मी घाबरलो होतो.

तू येशील की नाही हे तू लिहिलेले नाहीस, तरी मी त्यांना सांगून बसलो आहे. ते आता खरे करणे तुझ्या हाती आहे. कांदे मी धुळाच्या मेंढरांच्या वाड्यावर पोचते केले, खाटेखाली आता काही नाही. खोलीत दोन हात देऊनही निळ्या रंगाखालून थोडा वास येतो. आकाराम म्हणतो, निदान त्या एका भिंतीला तिसरा हात द्यावा. तीन किलोंत सहज झाले असते, पण ते कोंबड्यांना गेले.

सातारची एस्टी तीनला फाट्यावर येते. आठ तारखेला मी तिथे असेन. पूर्वी सव्वादोनला निघालो असतो, आता दीडला निघतो. ट्रंकेसाठी आकाराम सायकल घेऊन येणार आहे. तू उतरली नाहीस तर नऊ तारखेला जाईन, दहालाही जाईन.

परत येताना मोजायचे काम तुझे. माझी पावले आता तुझ्याएवढीच पडतात, तुला धावावे लागणार नाही.

आबा